यंत्र गप्प आहे म्हणजे खड्डा सुरक्षित आहे का?

गॅसवाहिन्या टाकणाऱ्या पथकांत नव्याने रुजू झालेल्यांची पत्रं या वेळी बरीच आली. काहींचं प्रशिक्षण चालू आहे, काहींची 'काम करता करता शिकशील' एवढ्यावरच बोळवण झाली आहे. प्रश्न निवडून आणि थोडे आटोपते करून घेतले आहेत. उत्तरं नैसर्गिक वायू धरून दिली आहेत. एलपीजी जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : मदतनीस म्हणून पुढच्या आठवड्यात कामावर जायचं आहे. पहिल्या काही दिवसांत मला काय यायला हवं आणि कशाला हात लावायचा नाही?

उत्तर : पहिल्या दिवशी खड्ड्याजवळ जाण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. आजचं परमिट (कामाचा लेखी परवाना) कोणाच्या नावावर आहे, आणीबाणीत कोणाला फोन करायचा, बाहेर पडून सगळ्यांनी कुठे जमायचं आणि जवळचा व्हॉल्व्ह कुठे आहे. यातला व्हॉल्व्ह फक्त माहीत असायला हवा, तो फिरवायचा नाही. चुकीचा व्हॉल्व्ह बंद झाला तर घराघरांतल्या शेगड्या विझतात. कोणी घाबरून तो पुन्हा उघडला तर त्याच विझलेल्या शेगड्यांतून गॅस खोल्यांत भरतो.

पहिल्या आठवड्यात बॅरिकेड आणि फलक लावणं, देखरेखीखाली हाताने खोदणं, शिडी बसवणं, पाइप उचलणं-ठेवणं, गॅस डिटेक्टरवरचा आकडा वाचणं आणि इशारा झाला की हातातलं टाकून बाहेर पडणं एवढं नीट जमलं तरी पुष्कळ झालं. फ्यूजन (प्लास्टिकचे पाइप वितळवून जोडणं), चालू वाहिनीवरचं काम, दाबचाचणी, चेंबरमध्ये (जमिनीखालच्या बंदिस्त खोलीत) उतरणं ही कामं त्या त्या कामाचं प्रशिक्षण आणि तपासणी झाल्याशिवाय करायची नाहीत. 'जरा हे धर' म्हणून सुरू झालेलं काम बघता बघता अंगावर येतं, तेव्हा 'मला हे शिकवलेलं नाही' हे वाक्य पहिल्याच दिवशी जिभेवर ठेवा. ते म्हणायची सोय नसेल, तर त्या पथकात प्रशिक्षण फक्त कागदावर आहे असं समजा.

हेल्मेट, पोलादी टोकाचे बूट, चमकणारं जॅकेट, चष्मा, हातमोजे हे रोजचंच. चालू गॅसच्या कामावर ज्वालारोधक कपडे वेगळे मिळतात. त्यांच्या आत नायलॉनची बनियन घालू नका. उष्णतेने ती वितळून कातडीला चिकटते.

प्रश्न : चार गॅसचा डिटेक्टर (एकाच वेळी चार वायू मोजणारं यंत्र) खड्ड्याच्या कडेला ठेवलेला असतो. दिवसभर वाजत नाही. तो खरोखर चालू आहे हे ओळखायचं कसं? आणि पडद्यावर १० आले म्हणजे दहा टक्के गॅस का?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न, कारण तिथला घोटाळा जास्त महागात पडतो. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तेव्हा पेटतो. खालच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेला एलईएल म्हणतात आणि डिटेक्टर सहसा त्या मर्यादेचे टक्के दाखवतो. म्हणजे १० टक्के एलईएल याचा अर्थ हवेत अर्धा टक्का गॅस, आणि २० याचा अर्थ एक टक्का. पण काही यंत्रांना गॅसचे सरळ टक्के दाखवणारी दुसरी पट्टीही असते. त्या पट्टीवर १० दिसले तर तुम्ही स्फोटक मिश्रणाच्या ऐन मध्यावर उभे आहात. म्हणून आकड्याआधी त्याच्या शेजारचं एकक वाचायचं. बऱ्याच ठिकाणी १० किंवा २० टक्के एलईएलला काम थांबवतात; तुमच्या कामाचा आकडा परमिटवर असतो.

आता गप्प बसलेल्या यंत्राबद्दल. ज्वलनशील वायू ओळखणारा नेहमीचा सेन्सर आत एका तापलेल्या मण्यावर थोडासा गॅस जाळून मोजमाप करतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. खड्ड्यात गॅस इतका दाटला की ऑक्सिजनच उरला नाही, तर आकडा झपकन वर जातो आणि मग खाली येतो, कधी शून्याजवळही. नवख्या माणसाला वाटतं गॅस निघून गेला. वर जाऊन पडलेला आकडा हा सर्वांत वाईट इशारा समजायचा आणि बाहेर पडायचं.

याच मण्याला सिलिकॉनचं वावडं आहे. गंज सोडवायचे काही फवारे, काही ग्रीस, काही पॉलिश यांत सिलिकॉन असतं. त्याची वाफ लागली की सेन्सर मंदावतो आणि पडद्यावर काहीच कळत नाही. शून्य तसंच दिसत राहतं. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी बंप टेस्ट करतात. माहीत असलेला गॅस छोट्या नळकांड्यातून सेन्सरवर सोडायचा, आकडा चढतो का, भोंगा, दिवा आणि थरथर तिन्ही होतात का ते पाहायचं. मिनिटभराचं काम. यंत्र चालू करून शून्य ठरवायचं ते स्वच्छ हवेत. ट्रकच्या धुराड्याशेजारी शून्य ठरवलं तर तिथली घाण हवाच 'शून्य' होऊन बसते.

ऑक्सिजनच्या आकड्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. स्वच्छ हवेत तो २०.९ असतो आणि १९.५ ला इशारा होतो. पण २०.९ चे १९.९ झाले तरी विचार करा. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा आहे, तेव्हा एक टक्का ऑक्सिजन हटला याचा अर्थ जवळपास ५ टक्के दुसरं काहीतरी हवेत शिरलं. ते काय आहे हे कळेपर्यंत खाली उतरायचं नाही.

आणि यंत्र ठेवायचं कुठे? मिथेन हवेपेक्षा हलका, साधारण ०.५५ पट, तो वर आणि झाकणाखाली साठतो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो तळाशी बसतो. खोल चरात किंवा चेंबरमध्ये वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचीवर मोजायचं. लांब नळीने हवा ओढत असाल तर ती सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. नळी आत टाकली, क्षणभर पाहिलं आणि बाहेर काढली, तर तुम्ही नळीतली जुनी हवा मोजली.

प्रश्न : गॅसला वास असतोच. मग वास येत नसेल तर गळती नाही असं धरायला काय हरकत आहे?

उत्तर : वास गॅसचा नसतो, त्यात मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेच्या तळघरात वासाविना गॅस साठून स्फोट झाला, जवळपास ३०० मुलं आणि शिक्षक गेले, आणि त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले. वास इतका घालतात की हवेत एक टक्का गॅस व्हायच्या आत तो साध्या नाकाला कळावा.

पण मातीतून झिरपत आलेल्या गॅसमधला वास माती शोषून घेऊ शकते. नव्या पाइपच्या आतल्या भिंतीही सुरुवातीला वास खातात. आणि त्याच वासात पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं की नाकाला सवय होते. वास आला तर गॅस आहे, इथवर ठीक. नाही आला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

प्रश्न : चर जेमतेम दीड मीटर खोल असतो. 'पाच मिनिटांचं काम आहे, फळ्या कशाला' असं सांगतात. एवढ्या खोलीत खरंच धोका असतो का?

उत्तर : एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते, म्हणजे एका मोटारीएवढी. ती कंबरेपर्यंत आली तरी माणूस स्वतःहून निघत नाही. छातीपर्यंत आली की प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती आत जाते, रिकाम्या झालेल्या जागेत माती सरकते आणि पुढचा श्वास आधीच्यापेक्षा लहान होतो. तोंड मोकळं असूनही माणूस गुदमरतो. बऱ्याच नियमांत दीड मीटरनंतर आधार सक्तीचा आहे, पण मातीला नियम माहीत नसतात. जॉइंटसाठी वाकलेल्या किंवा गुडघ्यावर बसलेल्या माणसाचं डोकं एक मीटर खोल चरातही काठाच्या खालीच असतं. पाच मिनिटांचं म्हणाल, तर चर ढासळायला काही सेकंद पुरतात.

उतरण्याआधी काठावर उभं राहून पाहा. काठाला समांतर बारीक भेग आहे का? तळाशी पाणी झिरपतंय का? शेजारी जुना बुजवलेला चर आहे का? जुन्या भरावाची माती कधीच मूळ मातीएवढी धरून राहत नाही, आणि शहरी रस्त्याखाली असे चर जागोजाग असतात. खोदलेल्या मातीचा ढिगारा काठापासून निदान ६० सेंटिमीटर लांब हवा. जागा असेल तर एक मीटर. जेसीबी आणि ट्रक त्याहून लांब. पाऊस पडून गेला की तपासणी पुन्हा, सकाळी झाली असली तरीही.

आधाराच्या फळ्या किंवा पेटी वरून, बाहेर उभं राहून बसवायची. आधार बसवायला म्हणून विनाआधार चरात उतरणं हा प्रकार हमखास दिसतो. शिडी ७.५ मीटरच्या आत हाताशी असावी, तिचं टोक काठाच्या वर सुमारे एक मीटर यावं. आडव्या टेकूंवर पाय देऊन चढायचं नाही. ते बाजूचा दाब पेलायला असतात, वरचं वजन पेलायला नव्हे. कोणी गाडला गेलाच तर जेसीबीने उकरू नका, बादलीचा दात माणसाला लागतो. आणि त्याच्या मागोमाग उडीही मारू नका, तुमच्या वजनाने उरलेला काठ येतो.

प्रश्न : लोकेटर (जमिनीखालच्या वाहिन्यांचा माग काढणारं यंत्र) फिरवला, काही सापडलं नाही, खोदायला सुरुवात केली आणि फूटभर खाली केबल निघाली. यंत्र खराब होतं का?

उत्तर : बहुधा नाही. लोकेटर केबल शोधत नाही, केबलमधून वाहणाऱ्या विजेचं चुंबकीय क्षेत्र शोधतो. दिवसा रस्त्यावरच्या दिव्यांच्या केबलमधून वीज वाहत नाही, तेव्हा पॉवर मोडमध्ये ती दिसणार नाही. तीन फेजचा भार समसमान असेल तर क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि मोठी केबलही पुसट लागते. म्हणून पॉवर, रेडिओ (केबलवर उमटलेले रेडिओ सिग्नल पकडणारा) आणि जनरेटर अशा तिन्ही मोडमध्ये जागा पिंजून काढायची. जनरेटर म्हणजे आपणच केबलमध्ये सिग्नल सोडायचा. वेळ लागतो म्हणून हीच पायरी गाळतात, आणि सर्वांत जास्त सापडतं ते याच पायरीत.

दुसरी चूक दिशेची. यंत्राचं पातं केबलला आडवं असताना सिग्नल मिळतो, समांतर असताना केबल निसटते. एकदा उभं, एकदा आडवं असं चौकटीत फिरा, यंत्र न झुलवता. थोडं खोदलं की पुन्हा फिरवा.

प्लास्टिकचे पाइप या यंत्राला दिसतच नाहीत. पॉलिथिलीनच्या गॅसवाहिनीसोबत तांब्याची तार टाकलेली असेल तर सिग्नल तिच्यावर मिळतो, पण ती तुटलेली असू शकते. पाइपच्या वर सुमारे ३० सेंटिमीटरवर इशारा देणारी पिवळी पट्टी असायला हवी. आधी कोणी खोदून गेलं असेल तर तीही नसेल. तेव्हा नकाशा, यंत्र आणि हाताने घेतलेला चाचणी खड्डा, तिन्ही हवीत.

वाहिनीच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर यंत्राने खोदू नका. हाताने खोदताना वरून टिकाव किंवा पहार मारायची नाही. बाजूला खाली जायचं आणि आडवं खरवडत वाहिनीकडे यायचं. मूठ वीजरोधक असलेलं, कडा गोल असलेलं फावडं वापरा. दिसलेली प्रत्येक केबल चालू आहे असंच धरा. काँक्रीटमध्ये अडकलेली दिसली तर ते फोडू नका, वरिष्ठांना बोलवा.

प्रश्न : पॉलिथिलीन पाइपचं बंडल सोडायचं होतं. पट्टी कापली आणि पाइपचं टोक फाडकन उसळलं. असं का होतं?

उत्तर : गुंडाळलेला पाइप म्हणजे ताणलेली स्प्रिंग. बाहेरचं मोकळं टोक आधी दोरीने बांधून किंवा अडकवून घ्या, मग बाहेरच्या थराची पट्टी कापा, तेवढा थर सोडा, मग पुढची. सगळ्या पट्ट्या एकदम कापायच्या नाहीत आणि टोकाच्या झेपेत उभं राहायचं नाही. थंडीत पाइप जास्त ताठ असतो, झटकाही तेवढा मोठा.

प्रश्न : इलेक्ट्रोफ्यूजन कपलर (आतल्या तारेने तापून दोन पाइप जोडणारा तुकडा) लावण्याआधी पाइप खरवडायला फिटर फार वेळ घेतात. पाइप नवाकोरा असेल तर फडक्याने पुसून चालणार नाही का?

उत्तर : नाही, आणि हा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाने विचारावा असा आहे. हवा आणि उन्हाने पॉलिथिलीनच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण झालेला पातळ थर येतो. तो वितळतो, पण कपलरच्या प्लास्टिकशी एकजीव होत नाही. असा जॉइंट बाहेरून निर्दोष दिसतो, दाबचाचणीतही टिकतो आणि काही वर्षांनी जमिनीच्या हालचालीने सालीसारखा सुटतो.

पाइप काटकोनात कापा. वाकडा कापलेला पाइप कपलरच्या मध्यापर्यंत पोचत नाही, आतली तार उघडी राहते आणि वितळलेलं प्लास्टिक आत ओघळतं. चिखल पुसा. कपलर जितका आत जाणार त्याहून थोडं पुढे खूण करा आणि तेवढ्या भागावर मार्करने नागमोडी रेघा मारा. आता फिरत्या स्क्रेपरने ०.२ ते ०.४ मिलिमीटरची साल काढा. ती सलग फितीसारखी निघाली पाहिजे. एकही रेघ उरली तर तिथे साल निघालेली नाही. पाइपच्या खालच्या बाजूची, मातीकडची रेघ हमखास राहते. तिथे आरसा धरा किंवा वाकून पाहा. पॉलिश पेपर किंवा करवतीचं पातं चालत नाही, ते घाण घासून आत बसवतात आणि वर कण सोडतात.

खरवडल्यावर त्या भागाला बोट लावायचं नाही. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या; ओलं राहिलं तर वाफेचे बुडबुडे होतात. कपलर पिशवीतून शेवटच्या क्षणी काढा. क्लॅम्प लावा, बारकोड वाचा आणि सुरू करण्याआधी जनरेटरमध्ये पेट्रोल आहे ना ते पाहा. मध्येच जनरेटर बंद पडला तर जॉइंट कापून नवा करायचा. पुन्हा तापवायचा मोह नको. फ्यूजन चालू असताना कपलरवर वाकून पाहू नका, वितळलेलं प्लास्टिक पिचकारीसारखं उडू शकतं.

कपलरवरचे दोन छोटे दांडे वर आले की 'झालं' म्हणतात. दांडे एवढंच सांगतात की आत प्लास्टिक वितळून दाब आला. खरवडलं होतं का, हे त्यांना माहीत नाही. थंड होण्याची वेळ कपलरवर छापलेली असते. तेवढा वेळ क्लॅम्प हलवायचा नाही. नव्या मदतनिसावर बहुतेकदा घड्याळाचंच काम असतं, तेव्हा सुरू झाल्याची वेळ पाइपवर मार्करने लिहा. नाही तर मागचा माणूस 'झाली असतील वीस मिनिटं' म्हणून क्लॅम्प सोडतो.

प्रश्न : चालू पाइप दाबून बंद करताना त्याच्याभोवती ओलं कापड का गुंडाळतात? पाइपला अर्थिंगची तार लावली तर?

उत्तर : पाइप दाबला की उरलेल्या फटीतून गॅस आणि धूळ वेगाने जाते आणि घर्षणाने प्लास्टिकवर स्थिर वीज साठते. मिथेन पेटायला ०.३ मिलिज्यूलच्या आसपासची ठिणगी पुरते. दाराच्या कडीला हात लावताना जाणवणारा झटका त्याहून मोठा असतो. धातूच्या पाइपला तार लावली की सगळा विद्युतभार जमिनीत जातो. प्लास्टिक वीजवाहक नाही, त्यामुळे तार जिथे टेकते तेवढ्याच ठिपक्याचा भार जातो. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं सुती कापड सगळ्या पृष्ठभागाला चिकटतं आणि त्याचं टोक ओल्या मातीत सोडलं की भार निघून जातो. अट एकच, कापड काम संपेपर्यंत ओलं राहिलं पाहिजे. बादली घेऊन उभं राहण्याचं काम कंटाळवाणं असलं तरी क्षुल्लक नाही. कोरड्या फडक्याने पाइप पुसणं म्हणजे हाताने भार चढवणं.

प्रश्न : दाबचाचणीच्या वेळी टोकाच्या कॅपला साबणाचं पाणी लावून फुगे बघायला सांगितलं. हवाच तर आहे, मग सगळे लांब का उभे होते?

उत्तर : लांब उभे असलेले बरोबर होते. १२५ मिलिमीटर एसडीआर ११ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) पाइपचा आतला व्यास सुमारे १०२ मिलिमीटर. ६ बार दाबाला त्या कॅपवर साधारण ५०० किलोचा जोर असतो. पाण्याने चाचणी करताना जॉइंट सुटला तर दाब लगेच पडतो, कारण पाणी दाबलं जात नाही. हवा दाबलेली असते. सुटली की पूर्ण प्रसरण होईपर्यंत ढकलत राहते आणि कॅप गोळ्यासारखी जाते. म्हणून टोकं पक्की अडवलेली, पाइप शक्यतो मातीने झाकलेला आणि चाचणीचा पूर्ण दाब असताना चरात किंवा टोकाच्या रेषेत कोणी नाही. साबणाची तपासणी करायचीच तर दाब कमी करून, प्रमुखाच्या परवानगीने, बाजूने. गळणाऱ्या जॉइंटचे बोल्ट दाबाखाली आवळायचे नाहीत.

गेज पाहण्याबद्दल एक : ६ बारच्या चाचणीत हवेचं तापमान एक अंशाने बदललं तर दाब सुमारे २४ मिलिबारने हलतो. उन्हात तापलेला पाइप लहानशी गळती झाकून टाकतो, म्हणून दाबाबरोबर तापमानही नोंदवतात.

प्रश्न : जेसीबीचा दात सर्व्हिस पाइपला (मुख्य वाहिनीतून घराकडे जाणाऱ्या पाइपला) लागला. पाइप थोडा ओढला गेला, ओरखडा आला, गळती दिसली नाही. बुजवून टाकलं तर?

उत्तर : बुजवू नका. ओढलेला पाइप जिथे दात लागला तिथे तुटतोच असं नाही. बरेचदा तो दुसऱ्या टोकाला, इमारतीच्या भिंतीपाशी किंवा आत सुटतो. खड्ड्यातला डिटेक्टर शून्य दाखवत असतो आणि गॅस तळघरात भरत असतो. काम थांबवून लगेच गॅस कंपनीला कळवा आणि त्या पाइपवरच्या घरांची तपासणी होईपर्यंत हलू नका.

उघडच फुटला असेल तर आधी माणसं बाहेर, वाऱ्याच्या उलट दिशेला. यंत्र बंद करायचं की तसंच सोडायचं हे तुमच्या पथकात सकाळीच ठरलेलं असावं. ऐनवेळी चर्चा नको. फोन लांब जाऊन करा. शेजारच्या घरांतल्यांना बाहेर काढा, बेल वाजवू नका, दार ठोठवा. फुटलेल्या तोंडात बोळा कोंबू नका, पाइप मुरगळू नका, वर माती लोटू नका. वरची वाट बंद झाली की गॅस मातीतून आडवा इमारतीकडे जातो. पेटला असेल तर ज्योत विझवू नका. जळणारा गॅस निदान दिसतो. विझवला आणि पुरवठा चालूच राहिला, तर तोच गॅस साठून दुसरीकडे भडकतो. पावडरचा विझवणारा सिलिंडर वाऱ्याच्या बाजूला ठेवलेला असतो तो मुख्यतः माणसाच्या सुटकेसाठी.

प्रश्न : चेंबरमध्ये सहकारी कोसळला तर वर उभ्या माणसाने किती वेळ थांबायचं?

उत्तर : थांबायचं नाही आणि उतरायचंही नाही. ओरडा, फोन करा, त्याच्या पट्ट्याला दोर असेल तर चेंबरच्या तोंडावर उभ्या केलेल्या तिपाईच्या चाकाने वर ओढा. दोर नसेल तर चूक तो उतरला तेव्हाच झाली आहे. ज्या हवेने त्याला पाडलं ती तुमच्यासाठीही तिथेच आहे. श्वसनयंत्र लावलेलं, सराव असलेलं पथकच आत जातं. वरच्या माणसाला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, पाना आणून देण्याचंसुद्धा नाही.

प्रश्न : खिशातला मोबाइल बंद करून ठेवला तर चालेल का?

उत्तर : गाडीत ठेवा. खिशातला मोबाइल बंद आहे की नुसता आवाज बंद आहे, हे खड्ड्यात उतरल्यावर कोणी तपासत नाही.